खेळ कीं पदवी ?

गेल्या दिवाळीच्या सुटींत एका रविवारीं उपासना आटोपून घरीं येतों, तों एका मुलीचे वडील ओसरीवर माझी वाट पाहत बसलेले दिसले. मुलगी आमच्याकडे अकरावींत शिकते. सॉफ्टबॉलच्या संघांत ती पिचर आहे, आणि गणितांतही तिची बुद्धि चांगली चालते. वडिलांनीं खिशांतून घडी घातलेला एक कागद काढून माझ्या हातीं दिला. कोणा मध्यस्थानें तो त्यांना दिला होता. अमेरिकेंतील कॉलेजांत सॉफ्टबॉलच्या जोरावर शिष्यवृत्ति मिळते, राहणें व जेवण फुकट, शिवाय वर इंजिनियरची पदवी, असा त्यांतील मजकूर. आणि खालीं बारीक अक्षरांत मध्यस्थाची फी. "मास्तर," ते म्हणाले, "हें खरें असेल तर राहतें घर गहाण टाकायची माझी तयारी आहे. पण तुम्ही एक सांगा. पोरगी तिकडे जाऊन खेळेल कीं शिकेल ?"

त्या दिवशीं मजपाशीं ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतें. मी त्यांना चहा दिला आणि थोडी मुदत मागून घेतली. पुढें दोन-तीन महिने सवड मिळेल तसे त्या देशांतील कॉलेजांचे नियम वाचीत राहिलों. जें हातीं लागलें तें आपल्या वार्षिकांत मांडावें असें ठरविलें, कारण हा प्रश्न एकट्या त्या गृहस्थांचा नाहीं. सॉफ्टबॉलच्या जागीं हॉकी किंवा पोहणें घाला, अमेरिकेच्या जागीं पुणें किंवा मुंबई घाला, प्रश्न तोच राहतो.

माझें मत आरंभींच सांगून टाकतों. खेळ आणि कठीण पदवी ह्यांचें जन्माचें वैर आहे असें मी मानीत नाहीं. परंतु दोन्ही एका आयुष्यांत साधणें निराळें, आणि दोन्ही एका आठवड्यांत साधणें निराळें. म्हणून विद्यार्थिनीनें पदवी आधीं निवडावी आणि मग त्या पदवीला सोसेल असा संघ शोधावा. संघाच्या कीर्तीला भुलून आधीं संघ निवडला, तर मागाहून त्या संघाला सोसेल अशी पदवी शोधण्याची पाळी येते. आणि तिकडे असें पुष्कळदां घडतें.

ज्या पालकांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ सालीं शिकागो शहरांत झाला. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दिवशीं एका नौका-क्लबांत तरुण मंडळी फुटबॉलच्या एका सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसली होती. आनंदाच्या भरांत एकानें मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याकडे फेंकला आणि त्यानें तो काठीनें टोलविला. तेथें हजर असलेल्या जॉर्ज हॅन्कॉक यांना त्यावरून घरांत खेळतां येईल असा बेसबॉल सुचला, अशी कथा सांगतात. पुढें खेळ मैदानांत आला, आणि १९२६ सालीं वाय. एम. सी. ए. चे वॉल्टर हेकन्सन यांनीं त्याला 'सॉफ्टबॉल' हें नांव सुचविलें. बास्केटबॉल व व्हॉलीबॉल हेही त्याच संस्थेच्या आश्रयानें जन्मले, ही गोष्ट मिशन-शाळेच्या वाचकांना ऐकून बरी वाटेल. नांवांत 'मऊ' असलें तरी चेंडू मऊ नसतो, हें ज्याच्या नडगीला तो एकदां लागला आहे त्याला सांगावें लागत नाहीं ! चेंडूचा परीघ १२ इंच. कॉलेजच्या मुलींच्या खेळांत पिचर ४३ फुटांवरून, हात खालून फिरवून तो टाकते. नऊ-नऊ जणींचे संघ, सात डावांचा सामना. आपल्या महाराष्ट्रांत शालेय स्पर्धांपासून आंतरविद्यापीठ सामन्यांपर्यंत हा खेळ चालतो.

आतां तिकडची व्यवस्था. आपल्याकडे खेळाडू क्लबांत किंवा जिल्ह्याच्या संघांत वाढतो, आणि कॉलेजाला त्याच्या खेळाशीं फारसें कर्तव्य नसतें. अमेरिकेंत थोरला खेळ कॉलेजांतच चालतो. एन. सी. ए. ए. ही संस्था १९०६ सालीं स्थापन झाली. ती कॉलेजांच्या सामन्यांचे नियम करते. मुलींच्या खेळाला खरें बळ आलें तें १९७२ च्या कायद्यानें. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनें मुलगा-मुलगी असा भेद करतां कामा नये, असें त्या कायद्यानें ठरविलें, आणि कॉलेजांना मुलींचे संघ उभारणें भाग पडलें. एन. सी. ए. ए. ची सॉफ्टबॉलची पहिली अजिंक्यस्पर्धा १९८२ सालीं झाली. आज कॉलेजांचे तीन विभाग आहेत. पहिल्या विभागांत सॉफ्टबॉल खेळणारीं सुमारें तीनशें कॉलेजें आहेत. मोठीं मैदानें, मोठा खर्च व मोठी कीर्ति तेथें. तिसऱ्या विभागांत कॉलेजांची संख्या त्याहून अधिक; पण तेथें खेळासाठीं म्हणून शिष्यवृत्ति देण्यास बंदी आहे, गरज व गुण पाहून मदत देतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा मुलींचा सॉफ्टबॉल संघ ह्याच तिसऱ्या विभागांत खेळतो. हार्वर्ड, येल वगैरे जुनीं विद्यापीठें पहिल्या विभागांत असूनही खेळाची शिष्यवृत्ति देत नाहींत. कुटुंबाची ऐपत पाहून मदत देतात. म्हणजे मध्यस्थाच्या कागदावर 'अमेरिकेंतील कॉलेज' असें जें एकच चित्र रंगविलें होतें, त्यांत निदान तीन-चार निरनिराळीं जगें लपलेलीं आहेत.

पैशाचा विषय येथेंच संपवितों. पुष्कळ वर्षें पहिल्या विभागांतील एका संघाला सॉफ्टबॉलसाठीं फक्त १२ पूर्ण शिष्यवृत्त्या देतां येत असत, आणि संघांत मुली वीसहून अधिक. अर्थात् बारा भाकरी वीस जणींत वांटाव्या तसा प्रकार होई. कोणाला अर्धी, कोणाला चतकोर. २०२५ सालीं एका मोठ्या दाव्याचा निकाल लागून ही मर्यादा गेली. त्या तडजोडींत सामील झालेल्या कॉलेजांना आतां संघांत २५ खेळाडू ठेवतां येतात व वाटल्यास सर्वांना पूर्ण शिष्यवृत्ति देतां येते. परंतु देतां येणें आणि देणें ह्यांत अंतर आहे. शिष्यवृत्ति एका वर्षाची कीं चार वर्षांची, दुखापत झाली तर ती राहते कीं जाते, हें लेखी विचारल्यावांचून घर गहाण टाकणारा बाप भाबडा म्हणावा लागेल. शास्त्रांत बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्याचा दृष्टांत आहे. पुरें करण्याइतका पैसा आपल्यापाशीं आहे कीं नाहीं, ह्याचा हिशेब त्यानें आधीं बसून केला पाहिजे. माझ्या वाचनांत तो दृष्टांत अनेकदां आला होता, पण ह्या तीन महिन्यांत त्याचा अर्थ मला अधिक उमगला.

पैशाहून मोठा हिशेब तासांचा आहे, आणि तो कोणत्याही कागदावर छापलेला नसतो. मी गणिताचा शिक्षक असल्यानें तो फळ्यावर मांडल्यासारखा मांडतों. आठवड्याचे तास १६८. झोपेचे रोजचे आठ धरले तर ५६ गेले, उरले ११२. तिकडे एका सत्रांत साधारण १५ क्रेडिटें घेतात. वर्गांतील १५ तास, आणि वर्गाच्या तासामागें दोन तास स्वतःचा अभ्यास अपेक्षित, असे ४५. मोसमांत सराव व सामने मिळून आठवड्याला २० तासांहून अधिक वेळ घेऊं नये व एक दिवस सुटी द्यावी, असा पहिल्या विभागांतील नियम आहे. ते २० मिळवा. झाले ६५. उरले ४७. जेवण, स्नान, कपडे, जाणें-येणें ह्यांना दिवसाला तीन तास धरले तर २१ जाऊन २६ उरतात. येथवर हिशेब बरा दिसतो. परंतु त्या २० तासांच्या नियमाला एक खिडकी आहे. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तीन तासच मोजतात. बसचा प्रवास मोजीत नाहींत. दुखऱ्या खांद्याला बर्फ लावून घेण्यास जो वेळ जातो तो मोजीत नाहींत. मुलगी आपण होऊन अधिक सराव करते तोही मोजीत नाहींत. आणि संघांतील जागेसाठीं चुरस असतां 'आपण होऊन' ह्या शब्दांचा अर्थ काय होतो, तें सुज्ञांस सांगणें नको. मोसम फेब्रुवारींत सुरू होऊन मे अखेर लांबतो; पहिल्या विभागांत संघाला ५६ पर्यंत सामने खेळतां येतात; आणि पुष्कळसे परगांवीं, शुक्रवार ते रविवार. तें उरलेलें २६ तासांचें गांठोडें त्या तीन दिवसांच्या बसमध्यें सुटून जातें.

रविवारचा उल्लेख आलाच आहे म्हणून एक शब्द. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं रविवार हा प्रभूचा दिवस म्हणून पाळतात. ज्या मुलीला तो पाळावयाचा आहे तिनें हें आधींच विचारावें. मागाहून डोळे पुसण्यांत अर्थ नाहीं. ब्रिगम यंग विद्यापीठाचे संघ रविवारीं खेळत नाहींत, आणि स्पर्धेचें वेळापत्रक त्यांच्यासाठीं तसें बसवितात. एरिक लिडेल ह्यांची हकीकत आमच्या मुलांना ठाऊक आहेच : १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारीं आली म्हणून त्यांनीं ती शर्यत सोडली, आणि चारशें मीटरची शर्यत जिंकली. पण त्यांच्याविषयींची दुसरी गोष्ट क्वचितच सांगतात. ते त्या वेळीं एडिंबरो विद्यापीठांत विज्ञानाचे विद्यार्थी होते, आणि पदवी त्याच वर्षीं घेतली. त्याआधीं ते स्कॉटलंडच्या संघांतून रग्बी खेळत, तो खेळ त्यांनीं सोडला होता. सुवर्णपदकामागें सोडून दिलेला एक खेळ उभा आहे, तो चित्रांत दिसत नाहीं इतकेंच.

तासांइतकाच महत्त्वाचा प्रश्न, ते तास दिवसाच्या कोणत्या भागांत येतात हा. सगळ्या पदव्या सारख्या नसतात. इतिहासाचा ग्रंथ बसमध्यें वाचतां येतो, निबंध हॉटेलांत लिहितां येतो. रसायनाचा प्रयोग बसमध्यें करतां येत नाहीं. प्रयोगशाळेचे तास बहुधा दुपारीं असतात, आणि संघाचा सरावही दुपारींच. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला रुग्णालयांत ठराविक पाळ्या कराव्याच लागतात; रोगी सामन्याचें वेळापत्रक पाहून आजारी पडत नाहीं. इंजिनियरिंगमध्यें विषयांची सांखळी असते. पहिला झाल्यावांचून दुसरा घेतां येत नाहीं, आणि कांहीं विषय वर्षांतून एकदांच शिकवितात. वसंतांत दुपारचा एक विषय चुकला तर पुढचे तीन अडतात. त्यांतच उन्हाळ्याचा प्रश्न. इंजिनियरिंगचीं मुलें उन्हाळ्यांत कारखान्यांतून उमेदवारी करतात, आणि पुढची नोकरी पुष्कळदां तेथेंच ठरते; खेळाडू मुली त्याच दिवसांत खेळण्यास जातात.

ह्यावर एक नियम असा आहे कीं तो पालकांना मध्यस्थ कधींच सांगत नाहीं. २००३ सालापासून पहिल्या विभागांत अशी अट आली कीं, खेळाडूनें दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आपल्या निवडलेल्या पदवीचा ४० टक्के, तिसऱ्याच्या अखेरीस ६० टक्के व चौथ्याच्या अखेरीस ८० टक्के भाग पुरा केला पाहिजे. नाहींतर खेळतां येत नाहीं. नियम करणारांचा हेतु स्तुत्य होता. खेळाडूंना नुसतें खेळवून घेऊन पदवीशिवाय घरीं पाठवूं नये, हाच तो हेतु. परंतु त्याचा एक परिणाम पाहा. एखादी मुलगी कला शाखेंत जाऊन दुसऱ्या वर्षीं इंजिनियरिंगकडे वळूं म्हणेल तर तिचें जुनें शिक्षण नव्या पदवीच्या मापांत थोडेंच धरलें जाईल, आणि तिचा खेळ बंद पडेल. उलट इंजिनियरिंगमध्यें अडखळलेली मुलगी संघांत राहण्यासाठीं, जीत लौकर टक्के भरतात अशी एखादी सोपी पदवी धरील. पाणी उताराकडेच वाहावें तसा हा ओघ कठीण पदवीकडून सोप्या पदवीकडेच वाहतो. कोणी कोणाला बळजबरी करीत नाहीं. कोच रागावत नाहीं, बाप रागावत नाहीं. वेळापत्रक आपलें काम निमूटपणें करीत असतें, आणि इंजिनियर व्हावयास निघालेली मुलगी भलतीच पदवी घेऊन घरीं येते. दुसरी पदवी हीन असें मी म्हणत नाहीं. ती तिनें निवडलेली नव्हती, एवढेंच माझें म्हणणें.

येथें कोणी म्हणेल, मग डॉट रिचर्डसन कशा झाल्या ? प्रश्न रास्त आहे, कारण ह्या बाईंचें नांव तिकडे प्रत्येक कोच घेतो. त्यांची हकीकत मी मुद्दाम लक्षपूर्वक वाचली, आणि मला ती कोच लोक सांगतात त्याहून निराळी दिसली.

त्यांचा जन्म १९६१ सालचा, फ्लॉरिडा प्रांतांतला. लहानपणीं मुलग्यांच्या बेसबॉल संघाच्या कोचनें त्यांना सांगितलें कीं, तूं केस कापून 'बॉब' असें नांव घेशील तर तुला खेळवूं. दहा वर्षांच्या त्या पोरीनें नकार दिला. पुढें त्या पश्चिम इलिनॉय विद्यापीठांत गेल्या, तेथून लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठांत आल्या, आणि १९८२ ची ती पहिली अजिंक्यस्पर्धा त्याच संघानें जिंकली. पदवी झाली. मग न्यूयॉर्क प्रांतांतील अडेल्फी विद्यापीठांतून व्यायामाच्या शरीरशास्त्रांत त्यांनीं उच्च पदवी घेतली. वैद्यकाची पदवी त्यांना लुइव्हिल विद्यापीठांत १९९३ सालीं मिळाली, म्हणजे वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास. त्यानंतर अस्थिशल्यविद्येचें उमेदवारीचें शिक्षण चालूं असतां १९९६ सालीं ऑलिंपिकमध्यें सॉफ्टबॉल प्रथमच आला. त्यांनीं रुग्णालयांतून रजा घेतली. ३० जुलै रोजीं जॉर्जिया प्रांतांतील कोलंबस गांवीं चीनशीं अंतिम सामना झाला; अमेरिकेनें तो ३-१ असा जिंकला, आणि त्यांतील दोन धावा डॉ. रिचर्डसन यांच्या एका टोल्यानें आल्या. पदक गळ्यांत पडल्यावर त्या लौकरच रुग्णालयांत परत हजर झाल्या. २००० सालीं सिडनीस दुसरें सुवर्णपदक मिळविलें. आणि २०१३ सालीं लिबर्टी ह्या ख्रिस्ती विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघाच्या त्या कोच झाल्या.

आतां ह्या हकीकतीचीं वर्षें पुन्हां मोजा. बाईंनीं खेळ व वैद्यक दोन्ही केलीं हें खरें; पण एकांत एक कोंबून नव्हे, एकावर एक रचून. कॉलेजचा खेळ जोरांत होता तेव्हां वैद्यक सुरू झालें नव्हतें. वैद्यकाचें उमेदवारीचें शिक्षण आणि ऑलिंपिक हीं समोरासमोर आलीं तेव्हां एकाला रजा द्यावी लागली. आणि ती रजा मंजूर करणारे कोणीतरी वरिष्ठ होते. माझ्या मतें ह्या गोष्टींतील मर्म त्या टोल्यांत नाहीं, त्या रजेंत आहे. मुलीनें कॉलेज निवडतांना आपल्याला अशी रजा देणारे लोक तेथें आहेत काय, परीक्षेच्या दिवशीं कोच जाऊं देईल काय, सामन्याच्या दिवशीं प्राध्यापक दुसरी वेळ देतील काय, हें पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत वैद्यकाआधीं चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, म्हणून तेथें असें रचीत जाण्यास जागा आहे. आमच्याकडे बारावींतून थेट वैद्यकांत उडी घ्यावयाची असते, म्हणून ओढाताण सोळाव्या वर्षींच सुरू होते.

आणि ह्या सोळाव्या वर्षाविषयीं मला एक कबुली द्यावयाची आहे. पुष्कळ वर्षांमागें माझ्या वर्गांत एक पिचर मुलगी होती. दहावीचें वर्ष लागतांच मी तिच्या वडिलांना बोलावून सांगितलें कीं, वर्षभर चेंडूला हात लावूं देऊं नका. त्यांनीं माझें ऐकलें, मुलीनेंही ऐकलें. मला वाटलें, आतां रोजचे दोन तास अभ्यासाला मिळतील. ते दोन तास कोठें गेले कोण जाणे. पूर्वी ती पहांटे पांचला उठे, सहाला मैदानावर येई, आठला स्नान करून पुस्तक धरी. खेळ सुटला तशी पहांट सुटली. पहांट सुटली तसा सगळ्या दिवसाचाच ओवा सैल झाला. निकाल लागला तेव्हां तिचे गुण नववीपेक्षां कमी होते, आणि खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुणही माझ्या शहाणपणामुळें बुडाले. तिनें मला कधीं दोष दिला नाहीं. पेढे घेऊन आली, पायां पडली, आणि "सर, येतें" म्हणून गेली. पुन्हां ती मैदानावर दिसली नाहीं. तेव्हांपासून 'आधीं अभ्यास, मग खेळ' हें वाक्य मी मुलांसमोर सहसा उच्चारीत नाहीं. तेंही एक प्रकारें वेळापत्रक न पाहतां दिलेलें उत्तरच होतें.

म्हणून त्या गृहस्थांना मी 'पाठवूं नका' असें सांगितलें नाहीं. मध्यस्थाला तूर्त पैसे देऊं नका, एवढेंच सांगितलें. कोचांचे पत्ते कॉलेजें उघड प्रसिद्ध करतात, आणि एन. सी. ए. ए. कडे नांवनोंदणी मुलगी स्वतः करूं शकते. उशीर झाला ही भीतिही व्यर्थ आहे. पूर्वी तिकडे तेरा-चौदा वर्षांच्या मुलींकडून कोच लोक शब्द घेत. २०१८ सालीं नियम झाला कीं, शाळेच्या अकराव्या इयत्तेच्या १ सप्टेंबरच्या आधीं कोचनें मुलीशीं ह्याविषयीं बोलूं नये. आमची मुलगी अकरावींतच आहे. शिवाय हा खेळ जन्माची भाकर देईल, अशी आशा धरून जाऊं नये, हेंही मी सांगितलें. मुलींच्या सॉफ्टबॉलची धंदेवाईक स्पर्धा लहान आहे. आणि ऑलिंपिकमधून तो २००८ नंतर गेला, टोकियोस २०२१ मध्यें आला, पॅरिसला २०२४ मध्यें नव्हता, २०२८ सालीं लॉस एंजेलिसच्या खेळांत पुन्हां घेतला आहे. अशा पाहुण्यावर संसार उभा करतां येत नाहीं.

मग आम्ही तिघे बसलों आणि एक पत्र तयार केलें. इंग्रजी तिचेंच, मी दोन-चार शब्द दुरुस्त केले. खेळाविषयींची माहिती चार ओळींत आटोपून पुढें प्रश्न घातले. आपल्या संघांत तिसऱ्या व चौथ्या वर्षाला इंजिनियरिंग शिकणाऱ्या मुली किती आहेत ? (पहिल्या वर्षाची संख्या विचारूं नको असें मी तिला सांगितलें, पहिल्या वर्षीं सगळेच इंजिनियर असतात.) वसंत-सत्रांत सराव किती वाजतां असतो, आणि प्रयोगशाळेचा तास त्यावर आला तर कोण माघार घेतो ? गेल्या मोसमांत मुलींचे वर्गाचे किती दिवस बुडाले ? खांदा दुखावला तर शिष्यवृत्तीचें काय होतें ? आपण हें कॉलेज सोडून दुसरीकडे गेलां तर मला दिलेल्या शब्दाचें काय ? हा शेवटचा प्रश्न तिच्या वडिलांना उद्धट वाटला. पण कोच कॉलेजें बदलतात, आणि मुलगी मात्र तेथेंच राहते, म्हणून तो राहूं दिला. रविवारचा प्रश्न तिनें आपण होऊन घातला.

पत्र सहा ठिकाणीं गेलें. नाताळापर्यंत तीन उत्तरें आलीं. पहिलें फार गोड होतें. तिच्या खेळाची स्तुति, मैदानाचीं रंगीत चित्रें, आणि एकाही प्रश्नाचें उत्तर नाहीं. दुसरें एका प्रामाणिक बाईंचें होतें. आमचा सराव दीड वाजतां सुरू होतो, आणि इंजिनियरिंग घेऊन आलेल्या बहुतेक मुली दुसऱ्या वर्षीं विषय बदलतात, असें त्यांनीं सरळ लिहिलें. त्यांच्याबद्दल मला आदर वाटला. तिसरें उत्तर तिसऱ्या विभागांतील एका लहान कॉलेजचें. खेळासाठीं आम्ही एक पैही देऊं शकत नाहीं, असा त्याचा आरंभ होता. परंतु प्रयोगशाळा साडेचारला सुटतात म्हणून आमचा सराव पांचला असतो. रविवारीं सामने असतात, मात्र उपासनेसाठीं सकाळ मोकळी ठेवतां येईल. आणि चौथ्या वर्षांतील दोन इंजिनियर मुलींनीं तुझ्या पत्रांना उत्तर देण्याचें कबूल केलें आहे, असें पुढें होतें.

मुलीला तिसरें पत्र आवडलें. वडिलांना त्यांतला पहिला वाक्यखंड आवडला नाहीं. परदेशी विद्यार्थ्याला गरज पाहून तें कॉलेज किती मदत देतें, हें अद्याप कळावयाचें आहे. अभ्यास चालूं असतां विद्यार्थ्याच्या परवान्यावर कॉलेजच्या आवारांतच, तेंही आठवड्याला २० तासांपर्यंत काम करतां येतें. पण वरच्या हिशेबांत ते २० तास कोठें बसवावे तें मला सांपडलें नाहीं. मुलगी त्या दोन इंजिनियर मुलींना पत्र लिहीत आहे, आणि पहांटे सहाला मैदानावर असते. मध्यस्थाच्या कागदावरील मुदत मागच्या महिन्यांत संपली. येत्या रविवारीं उपासनेनंतर तिचे वडील खर्चाचा तक्ता घेऊन येणार आहेत. घराचे कागद आणूं नका, असें मी त्यांना निरोप पाठवून कळविलें आहे.